चित्र्याचं पोट

मेंढरं विकून हरिबा आटपाडीकडचं रान सोडून विट्याला राहायला आला, तेव्हा त्याने सोबत एकच जीव आणला: चित्र्या, अंगावर ठिपके असलेला, उतारवयाचा राखणदार कुत्रा. मुलगा तानाजी कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात होता. इथे भाड्याच्या दोन खोल्यांत सून माया आणि दहावीतली नात सृष्टी. चित्र्याला जिन्याशी बांधायचे.

थोड्याच दिवसांत त्याचं पोट बिघडलं. बसल्या जागी वारा सोडायचा आणि असा वास सुटायचा की सृष्टी पुस्तक उचलून शेजारी जायची. माया उदबत्त्या लावून थकली. शेवटी घरमालक दारात आला. "या महिन्यात कुत्रं जाईल, न्हाईतर तुमी."

हरिबाने फुगलेली कितीतरी मेंढरं गोडंतेल पाजून वाचवली होती. त्याने चित्र्यालाही तेल पाजलं. मग ओव्याचं पाणी, मग ताकात हिंग. वास वाढला, वर हगवण लागली. कुत्रा रोडावला म्हणून पिशवीतलं दूधही वाढवलं. काही लागू पडेना.

"कुंडलकडं उसाच्या रानात आपल्या मेंढक्यांचा तळ हाय," एका सकाळी तो मायाला म्हणाला. "तिथं सोडून येतो." सृष्टीने तोंड फिरवलं.

निघण्याआधी त्याने पातेलंभर दुधात पाव कुस्करून चित्र्यापुढे ठेवला. कुत्र्याने तो गपागपा गिळला. दोरी सुटताच उड्या मारत जिना उतरला.

वेशीबाहेर येईतो त्याचं पोट ढोलासारखं फुगलं. ओकारीचे उमासे येत होते, पडत होता नुसता फेस. पाय दुमडून तो खाली बसला. हरिबाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "गड्या, म्या सोडाया निघालो म्हून निघालास व्हय रं?" त्याने मायाला फोन लावला. "पोरी, चित्र्या जातोय गं."

माया रिक्षा घेऊनच आली. आजवर नाकाला पदर लावणाऱ्या सुनेने फेसाने भरलेलं ते कुत्रं दोन्ही हातांनी उचललं. "मामा, बसा लवकर!"

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी पोटाचा एक्स-रे काढला. हरिबा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. देवाचं नावही आठवत नव्हतं.

"नशीब, पोटाला पीळ पडला नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नळी घालून वायू काढला. "पीळ पडला की उशीर जीव घेतो. पोट असं टणक फुगलं की घरचं औषध करत बसायचं नाही. याला खायला काय घालता?"

"दूध, पाव, बिस्किटं. लेकरागत सांभाळतोय."

"दूधच पचत नाही त्याला. रानात तो काय खायचा?"

"भाकरी. कवातरी आंबील. अन् दिसभर चालायचा."

"आता दिवसभर बांधलेला, आणि पुढ्यात आलं की एकदम गिळतो. गिळताना हवाही पोटात जाते. दूध, पाव, बिस्किट बंद. थोडं थोडं, दोन-तीनदा द्या. खाल्ल्यावर जरा निवांत बसू दे; पण सकाळ-संध्याकाळ फिरवा. जंताचंही औषध देतो."

हरिबाने चित्र्याच्या पोटावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "म्हंजी हे दुखणं मीच खायला घालत हुतो त्याला."

"आवं मामा, ठावं नव्हतं तुमास्नी," माया म्हणाली.

आता सृष्टी पसरट परातीत भाकरीचे तुकडे विखरून ठेवते, म्हणजे चित्र्याला एकेक वेचून खावं लागतं. वास पुरता गेला नाही, पण उदबत्ती लागत नाही. महिना सरला तसा घरमालक जिन्यात येऊन उभा राहिला. चित्र्याने डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटला. घरमालकाने दोनदा नाकाने श्वास ओढून पाहिला.

"बघू पुढच्या महिन्यात," म्हणाला आणि उतरून गेला.