‘ठीक’ म्हणजे बंद नव्हे

ऑफिसात तिला ‘खुलासेबाई’ म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत नसत. आधी ती मिक्सर आणि इस्त्र्यांच्या कारखान्यात माहितीपत्रकं लिहायची. ‘प्लग काढल्याशिवाय पात्यांना हात लावू नका’ हे वाक्य तिचं. आता ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिचा वाचक माणूस नव्हता. पाणीपुरवठा खात्यासाठी कंपनी एआय एजंट बनवत होती. पाइप फुटल्याची तक्रार आली की त्यानं दाब बघायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, दुरुस्तीच्या माणसांना कळवायचं. प्रत्येक कामाला एक टूल, आणि ते टूल काय करतं, काय नाही, याचं वर्णन लिहायला खुलासेबाई. एजंटला ना पाइप दिसतो, ना पाणी. वर्णनात लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक.

व्हॉल्व्हच्या टूलखाली आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘व्हॉल्व्ह बंद करतं.’ तिनं प्रोग्रामरला गाठलं.

“हे टूल ‘ठीक’ असं उत्तर देतं, ते कधी?”

“हुकूम पोचला की.”

“आणि व्हॉल्व्ह फिरून बंद व्हायला?”

“वेळ लागतो. जुना असला तर अडकतोसुद्धा.”

“ते टूलला कळतं?”

“छे!” म्हणून तो पुन्हा स्क्रीनकडे वळला.

तिनं वर्णन नव्यानं लिहिलं: ‘व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम पाठवतं. “ठीक” म्हणजे हुकूम पोचला. व्हॉल्व्ह बंद झाला असं नाही. खात्रीसाठी दाब मोजण्याचं टूल वापरा. दाब उतरल्याशिवाय माणसांना काम सुरू करायला सांगू नका.’

मॅनेजर त्या आठवड्यात वर्णनं कापत सुटले होते. एक टूल, एक ओळ. बाकीच्या ठिकाणी तिनं स्वतःच कात्री चालवली; फापटपसारा तिलाही खपत नसे. या टूलपाशी मात्र ती अडून बसली.

“मॅडम, हे खात्याचे साहेब वाचणार. म्हणतील, व्हॉल्व्ह बंद झाला की नाही एवढंही कळत नाही तुमच्या सॉफ्टवेअरला?”

“नाहीच कळत.”

“ते आपण कशाला सांगायचं?”

“मग कोण सांगणार? पाइप?”

प्रोग्रामर फिसकन हसला. मॅनेजर हसले नाहीत. चाचणीच घेऊ म्हणाले. जुनं एका ओळीचं वर्णन लावून त्यांनी खोटी तक्रार सोडली. एजंटनं आपण होऊन दाब तपासला. पुन्हा सोडली, पुन्हा तपासला.

“बघा. हुशार आहे तो. तुमच्यासारखा कीस पाडत बसत नाही.”

“चालू ठेवा,” ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

चहा आला, गार झाला. मग एका खेपेला एजंटनं दाब न बघताच निरोप धाडला: व्हॉल्व्ह बंद आहे, काम सुरू करा.

“असं कधीतरी एकदा होणारच,” मॅनेजर म्हणाले.

“खड्ड्यात उतरलेल्याला ते एकदाच पुरतं.”

“उद्या साहेब येतायत. त्याआधी ती वाक्यं गेली पाहिजेत.”

तिचा दीर त्याच खात्यात फिटर होता. संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या त्यानं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. “वहिनी, आज कुणाशी वाजलं?”

“ते सोड. खड्ड्यात उतरण्याआधी तू काय बघतोस?”

“फोन. बंद म्हणाले की उतरायचं. पाण्याला पत्र लिहून विचारू का?”

“आणि फोनवर माणसाऐवजी मशीन असलं तर?”

“मग बरंच की. मशीन कशाला थापा मारेल?” म्हणत त्यानं ताट पुढं ओढलं.

सकाळी ती ऑफिसात पोचली तेव्हा वाक्यं गेलेली होती. मॅनेजरांनी स्वतःच्या हातानं पुसली होती. बैठकीला तिला बोलावणं नव्हतं. ती आत गेली आणि खुर्ची ओढून बसली. एजंट चालवून दाखवताना पडद्यावर ‘ठीक’ उमटलं तसं खात्याच्या साहेबांनी विचारलं, “म्हणजे बंद झाला ना?”

“म्हणजे तसं बघायला गेलं तर—” मॅनेजरांनी सुरुवात केली.

“नाही,” ती म्हणाली. “हुकूम पोचला, एवढंच. मी तसं लिहिलं होतं. काल होतं, आज नाही.” आणि तिनं पाचही वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “ती परत घाला. करारावरच्या सहीचं मग बघू.”

सही लांबली, वाक्यं परत आली. मॅनेजरांनी तिला त्या कामावरून काढून जाहिरातीच्या पत्रकावर बसवलं. निदान तिथं तरी तिची खोड मोडेल, हा हिशेब. “एजंटबद्दल लिहा. चांगलं चांगलं लिहा.”

दुपारी तिनं पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं. पहिली ओळ होती: ‘हा एजंट काय करू शकत नाही, ते आधी वाचा.’

“मॅडम, हे काय?”

“पुसायचं तर पुसा,” ती म्हणाली. “पुढच्या बैठकीलाही मी येणार आहे.”