कुठल्या गावचं कुलूप

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्या संग्रहालयात कॉम्प्युटर आला, आणि पहिल्याच दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. कुणी विचारलं तर 'नवीन गोष्टी यायलाच हव्यात' असं मी हसून म्हणायचे. मनातून मात्र घरात सवत आल्यासारखं झालं होतं.

संग्रहालय कसलं, नगरमधल्या एका संस्थेच्या इमारतीतल्या तीन खोल्या. नाणी, भांडी, हत्यारं, दोन-चार मूर्ती. दिवाळीनंतर सहलीचा मोसम सुरू झाला की जिल्ह्यातल्या शाळांच्या एसट्या दारात लागायच्या. पोरांना माहिती सांगायचं काम माझं. मी कर्जत तालुक्यातली, आवाज खणखणीत, आणि पोरं गप्प कशी बसवायची हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

माझा हुकमी एक्का म्हणजे एक लोखंडी कुलूप. तान्ह्या पोराएवढं जड. पोरांना सतरंजीवर बसवून मी ते मधोमध ठेवायचे आणि म्हणायचे, "किल्ली माझ्या हातात आहे. भोक शोधून दाखवा." भोक कुठेच दिसायचं नाही. पोरं कुलूप उलटंपालटं करायची, कानाला लावायची, एखादं वास घेऊन बघायचं. त्याच्या अंगावर सहा खिळे होते. त्यातला एक दाबून सरकवला की पट्टी बाजूला व्हायची आणि भोक उघडं पडायचं. तो खिळा ज्याला सापडायचा, तो पोरगा किंवा ती पोरगी एसटीत बसेपर्यंत राजा असायची.

पण खरी युक्ती त्याच्या आधीच झालेली असायची. पोरं आत आली की मी विचारायचे, "कुठल्या गावचे रे तुम्ही?" काष्टीचे असले तर हे कुलूप काष्टीच्या बाजारातल्या धान्याच्या कोठाराचं. कर्जतचे असले तर कर्जतच्या वेशीचं. खर्ड्याचे असले तर किल्ल्याचं, आणखी कुठलं! एसटीत उलट्या करून आलेली, पेंगुळलेली पोरं एवढं ऐकलं की ताठ बसायची. रजिस्टरमध्ये त्या कुलपापुढे 'ठिकाण अज्ञात' असं लिहिलेलं होतं, ते मीच दर वर्षी बाकीच्या नोंदींबरोबर तपासायचे. पण अज्ञात गावच्या कुलपाला कोण विचारतो? मी त्याला खोटं म्हणत नव्हते. शिकवण्याची हातोटी म्हणत होते.

संग्रहालयाची माहिती कॉम्प्युटरवर चढवायची ठरलं तेव्हा पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला. टेपरेकॉर्डर घेऊन दोन दिवस माझ्या मागे मागे फिरला. माझं सगळं बोलणं त्यानं कॅसेटवर घेतलं. आता आपला आवाज यंत्रातून येणार म्हणून मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं, मैत्रिणींनाही सांगितलं. कॉम्प्युटर सुरू करायच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून गेले. साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, बटण दाबलं आणि स्पीकरमधून एक गोड, धुतलेल्या तांदळासारखा बायकी आवाज आला. माझा नव्हता. पुण्यातल्या कुणा बाईकडून वाचून घेतलं होतं.

"बाई, तुमचं सांगणं उत्तमच आहे," साहेब म्हणाले, "पण बोलण्यात जरा गावाकडचं येतं."

वाक्यं माझी, थांबायच्या जागासुद्धा माझ्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. त्या बाईचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण तिच्याइतका राग मी उभ्या जन्मात कुणाचा केला नसेल.

त्यात त्या यंत्राचे लाड! त्याला वेगळी खोली, वेगळा पडदा, नगरच्या थंडीतही एसी. धूळ नको म्हणून दाराबाहेर चपला काढायच्या. दाराशी चपलांची रास पडलेली पाहिली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं मी घसा फोडत होते, माझ्यापुढे कधी कुणी चपला काढल्या नव्हत्या. आणि कुलूप? पडद्यावर बटण दाबलं की ते आपोआप फिरायचं, खिळा लाल व्हायचा, पट्टी सरकायची, भोक दिसायचं. मी अर्धा तास दडवून ठेवायचे ते त्यानं चुटकीसरशी सांगून टाकलं. आता पोरांना सगळं पडद्यावर दिसतं म्हटल्यावर खरं कुलूप काचेच्या कपाटात गेलं आणि वर पाटी लागली, 'हात लावू नये.' नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला समजावत राहिले. नवाचे नव्वद झाले तरी पोरांची झुंबड हटेना.

त्याच हिवाळ्यात खर्ड्याचे एक गुरुजी सहल घेऊन आले. आदल्या वर्षीही आले होते, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, मीच सगळं सांगितलं होतं. यंदा त्यांच्या खिशात ग्रामपंचायतीचा अर्ज होता. किल्ल्याचं कुलूप पंधरा ऑगस्टला दोन दिवस गावात ठेवायला मिळावं, जबाबदारी गावाची, असा.

"पोरांनी गावभर केलं बगा," ते मला म्हणाले. "म्हातारी मानसं सुदीक इचारत्यात, कुलूप कदी येनार म्हनून."

तेवढ्यात आतल्या खोलीतून ती गोड बाई बोलली, "हे कुलूप काष्टीच्या बाजारातील धान्याच्या कोठाराचे आहे." इंजिनिअरनं कॅसेट भरली त्या दिवशी काष्टीची शाळा आली होती. त्यानं ऐकलं तसंच ठेवलं होतं. ते वाक्य मी कितीदा तरी ऐकलं होतं, पण माझा सगळा राग तिच्या आवाजावर. ती काय बोलतेय याकडे मी कान दिलाच नव्हता.

गुरुजी चपला काढून आत गेले, ते वाक्य पुन्हा ऐकलं, अनवाणीच बाहेर आले आणि थेट साहेबांच्या टेबलापाशी गेले.

"सायेब, तुमचं मशीन खोटं बोलतंय. ह्या बाईंनी सोता सांगितलंय, खर्ड्याच्या किल्ल्याचं हाय. मी ह्या कानांनी ऐकलंय. आमी बाईंचं ऐकायचं का त्या डबड्याचं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई?"

आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला आनंद झाला. निर्भेळ, अंगभर आनंद. इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्या यंत्राला डबडं म्हटलं होतं, आणि माझा शब्द त्याच्या वर ठेवला होता. मी म्हणाले, "हो साहेब. मशीनचंच चुकलंय."

साहेबांनी कॉम्प्युटरवर कापड टाकायला लावलं आणि पुण्याला पत्र धाडलं. गुरुजींना म्हणाले, "अर्ज ठेवून जा, बघतो." पुढचे आठ दिवस माझे. कपाटातून कुलूप काढून मी पुन्हा सतरंजीवर मांडलं, पोरं पुन्हा माझ्याभोवती कोंडाळं करून बसली. कुठल्या गावचे ते मी विचारतच होते.

नवव्या दिवशी इंजिनिअर आला. वाद नाही, आवाज चढवणं नाही. त्यानं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला, कॅसेट घातली आणि साहेबांच्या टेबलावर माझाच आवाज खणखणला, "काष्टीचे का रे तुम्ही? मग हे तुमच्याच गावचं कुलूप!" मागून पोरांचा गलका. यंत्रात माझा आवाज ऐकायची माझी केवढी हौस होती! ती अशी फिटली.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. 'ठिकाण अज्ञात' वर बोट ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "गुरुजींना पत्र तुम्हीच लिहा."

चार कागद फाडून पाचव्यावर लिहिलं. कुलूप कुठलं ते कुणालाच माहीत नाही, मी सांगितलं ते माझ्या मनचं होतं, माफी असावी. उत्तर आलं नाही. कॉम्प्युटरची दुरुस्ती मात्र पंधरा दिवसांत झाली, नवी सीडी आली. आता ती बाई त्याच गोड आवाजात म्हणायची, "हे कुलूप कोठे सापडले, याची माहिती उपलब्ध नाही." ऐकणारे माना डोलवायचे. तिनं महिनोन्महिने काष्टी, काष्टी केलं होतं, पण तिला कुणी खोटारडी म्हटलं नाही. तिचं चुकलं ते दुरुस्त झालं. मी सांगितलं ते खोटं ठरलं. या एका गोष्टीसाठी मी आजही तिच्यावर जळते.

पुढच्या हिवाळ्यात खर्ड्याची एसटी पुन्हा दारात लागली. मी उठून पुढे झाले. या वेळी खरं तेच सांगायचं, पाठ करून ठेवलं होतं. गुरुजींनी मला पाहिलं, हात जोडले. आवाजात राग नव्हता, उलट घरातल्या थकल्या माणसाला म्हणावं तशी माया होती.

"तुमी बसा बाई. मशीन सांगंल."

मग पोरांकडे वळून त्यांनी हाक दिली, "चला रे, चपला काढा."