साळवे मॅडम आणि विसरण्याचं सोंग

कोर्टाने तपासणीला पाठवलेल्या प्रत्येकाला साळवे मॅडम आधी सावध करायच्या. "इथं बोललेलं कोर्टात जाईल. बराबर विचार करून बोला." नव्वदच्या दशकात जालन्यातल्या एका दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली मानसशास्त्राचं काम शिकत होतो. अशाने खोटं बोलणारा हुशार होईल, असं मी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "होऊ दे. आपण माणूस तपासतो, फसवून धरत न्हाई."

मॅडम टेंभुर्णीच्या. एवढं शिकल्या, पण बोलण्यातलं गाव त्यांनी कधी पुसलं नाही.

एकदा जाफराबादकडचा रामदास नावाचा जीपचालक आला. त्याची जीप उलटून बहिणीचा नवरा जागीच गेला होता. डोक्याला मार लागल्यापासून आपल्या काही लक्षातच राहत नाही, अपघातही आठवत नाही, असं तो सांगे. मॅडमनी त्याला पन्नास चित्रं दाखवली. नंतर त्यातलं एकेक चित्र नव्या चित्राशेजारी ठेवून, आधी कुठलं पाहिलं, असं विचारलं. नऊच उत्तरं बरोबर आली. बिचाऱ्याची स्मृती खरंच गेली, असं मला वाटलं.

"डोळे झाकून बोट ठेवलं तरी निम्मी बराबर येतात," मॅडम मला म्हणाल्या. "एवढी चुकवायला खरं उत्तर ठाऊक लागतं."

त्यांनी रामदासलाही हे शांतपणे सांगितलं आणि विचारलं, काय विसरायचंय? तो खाली बघतच बोलला.

"आठवतं म्हणलं, तर ताई विचारंल, शेवटाला काय बोलले म्हणून. दाजी म्हणून राह्यले होते, हळू घे. मी ऐकलं न्हाई."

स्मृती गेल्याचं सोंग आहे, असं मॅडमनी अहवालात स्पष्ट लिहिलं. ते वाक्य जरा सौम्य करा, म्हणून मी विनवलं. त्यांनी ऐकलं नाही. मात्र त्याखाली त्याची उडालेली झोप, सुटलेलं जेवण, उपचारांची गरज, असं पानभर लिहिलं. "खोटं ते खोटंच लिहायचं. पण तिथंच थांबलो, तर आपला अहवालबी खोटा."

मॅडमच्या सांगण्यावरून रामदासने ताईला सगळं सांगितलं. नंतर त्याला शिक्षा झाली. ताईने वर्षभर त्याचं नाव घेतलं नाही.

मॅडम जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की एक दुपार समोर येते. ताई एकटीच दवाखान्यात आली होती. तुरुंगात भेटायला अर्ज कसा करायचा, ते तिला विचारायचं होतं. मॅडम स्वतःच लिहायला बसल्या. कैद्याशी नातं काय लिहू, असं त्यांनी माहीत असूनही विचारलं, आणि पेन धरून थांबल्या.

ताईने पदराने तोंड पुसलं. "भाऊ," ती म्हणाली. "सख्खा भाऊ लिहा."