सईचं रडणं ऐकू येईना

"बाळाला मध दिलाय का कोणी?"

जळगावच्या लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमांनी हे विचारलं तेव्हा आम्ही चौघं त्यांच्यासमोर उभे होतो. तिच्या तान्ह्या सईला कुशीत घेऊन माझी धाकटी जाऊ ज्योती, दीर, सासूबाई आणि मी. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. ज्योतीनं माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी खाली फरशीकडे पाहिलं.

मी म्हणाले, "दिलाय. जन्मली तेव्हा माझ्या बोटानं. मग रोज थोडा."

मॅडमांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला इन्फंट बॉट्युलिझमची शंका येतेय." मग आमचे चेहरे बघून त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. मधात कधी कधी एका जंतूचं बी असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात ते रुजत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतं आणि विष तयार करतं. त्या विषानं अंगातली ताकद हळूहळू जाते. पापण्या, मान, गिळणं, आणि शेवटी श्वास.

श्वास म्हटल्यावर ज्योती भिंतीला टेकली.

हे मी माझ्यापुरतंच लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पण ज्या घरात बाळ आहे आणि फडताळात मधाची बाटली आहे, त्यांच्या हाती हे पडलं तर बरंच आहे.

आमचं गाव फैजपूरजवळ, केळीचं. माझं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन आले तेव्हा माझी बोली इथल्यापेक्षा वेगळी. मी "आहे"ला "शे" म्हटलं की सगळे हसायचे. वाईट मनानं नाही, पण हसायचे. मग मी बोलणं कमी करत गेले. पुढे लोक म्हणू लागले, थोरली फार निमूट, देवगुणाची. मी तेही ऐकून घेतलं.

आमच्याकडे असं मानतात की बाळाला पहिल्यांदा मध जो चाटवतो, त्याचा स्वभाव बाळात उतरतो. ज्योतीच्या पहिल्या मुलाला त्याच्या मामानं चाटवला. मामा बाजारात केळी विकतात, त्यांचा आवाज वेशीपर्यंत जातो. पोरगाही तसाच निघाला. म्हणून सई झाली तेव्हा अक्का म्हणाल्या, या वेळी थोरलीला बोलवा, एक तोफ घरात पुरे. सगळे हसले. मलाही बरं वाटलं. माझं काहीतरी कोणाला हवं होतं.

मध चांगला होता, सातपुड्याच्या पायथ्याचा, ओळखीच्या माणसाकडून आणलेला. त्यानंतर अक्का रोज सकाळी तिला बोटभर चाटवायच्या. बाळ बाळसं धरतं म्हणायच्या. त्यांना स्वतःला साखरेचा आजार आहे. चहातली साखर बंद करून त्या कोमट पाण्यात मध घेतात, मध म्हणजे औषधच म्हणून.

सई तिसऱ्या महिन्यात गेली आणि तिला शी होईना. एक दिवस, दोन दिवस, मग चार. अक्कांनी मध थोडा वाढवला, पोट साफ होईल म्हणून. मग ती जास्त झोपू लागली. रात्री उठेना. ज्योतीलाही सुरुवातीला बरंच वाटलं, पहिल्या पोरानं तिला झोपू दिलं नव्हतं. शेजारपाजारच्या बाया बघायला यायच्या आणि अक्का कौतुकानं सांगायच्या, "थोरलीवर गेली पोर. घरात लेकरू हाये, असं वाटतच नही."

मला ते ऐकून आधी आनंद व्हायचा. मग भीती वाटू लागली. ज्योतीचा पदर सारखा ओला असायचा, कारण पोर दूध ओढतच नव्हती. तोंडाला लावलं की दोन घोट घेई आणि दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळे. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मी स्वतःला समजावत होते की मला काय कळतं.

सईला मी न्हाऊ घालायचे. त्या दिवशी पाटावर बसून तिला पायांवर घेतलं आणि डोक्यावर पाणी घातलं. एरवी बाळ पाय झाडतं, किंचाळतं. तिचे पाय माझ्या पायांवर ओल्या फडक्यासारखे पडलेले. मान कलंडली. पण तोंड उघडलं होतं, जीभ थरथरत होती, डोळ्यांच्या कडांतून पाणी येत होतं. मी खाली वाकून कान लावला. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज.

ती शांत नव्हती. ती रडत होती, आणि ते बाहेर येत नव्हतं.

मी तिला टॉवेलात गुंडाळून ओसरीवर आले. तिथे अक्का, दीर आणि शेजारची एक बाई बसलेली. माझ्या तोंडून माहेरचीच बोली निघाली. "हाई पोर गप नही शे. तिले रडता येत नही."

शेजारीण हसायला लागली. अक्का म्हणाल्या, पोट मोकळं झालं की येईल आवाज, आजच्या दिवस बघू. मी म्हणाले, आज नाही, आत्ता. इतक्या वर्षांत मी त्या घरात असं बोलले नव्हते. दीर माझ्याकडे बघतच राहिले. मग उठून गाडीची किल्ली घेतली.

फैजपूरच्या डॉक्टरांनी बाळाचा हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला. ते म्हणाले, इथे वेळ घालवू नका, थेट जळगावला न्या. वाटेत ज्योती सारखी सईच्या नाकाखाली बोट धरत होती. सावदा गाव कधी मागे पडलं ते कळलं नाही.

मधाचा तो प्रश्न झाल्यावर सईला आयसीयूमध्ये नेलं. आयसीयू म्हणजे जिथे बाळावर चोवीस तास नजर असते. नाकातून पोटात नळी घातली, ज्योतीचं दूध त्यातून जाऊ लागलं. शीचा नमुना बाहेरगावी पाठवला. मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टची वाट बघणार नाही, आधार आजपासूनच देऊ. यावरचं खास औषध आपल्याकडे सहज मिळत नाही. श्वास नीट चालू राहिला तर विषाचा जोर ओसरतो आणि ताकद परत येते. श्वासाचे स्नायू थकले तर मशीन लावावं लागेल."

मग वाट बघणं सुरू झालं. आम्ही जळगावातच मेहरूण भागात एका नातेवाइकांकडे आळीपाळीनं अंघोळीला जायचो आणि परत बाकावर येऊन बसायचो. काचेच्या दारातून फक्त तिच्या छातीवरचं फडकं दिसायचं. ते वर गेलं, खाली आलं, की मी माझा श्वास सोडायचे. दार उघडलं की तिघीही उभ्या राहायचो.

अक्का जेवत नव्हत्या. एकदा मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या सासूनं चाटवला, मीही पोरांना चाटवला. कोणाला काई झालं नही."

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. "बहुतेकांना काहीच होत नाही, आजी. म्हणूनच लोकांना पटत नाही. मध शुद्ध असो, बाटलीतला असो, गरम केलेला असो, वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या जिभेलाही लावायचा नाही. घुटीतूनही नाही." मग अक्कांच्या आजाराचं कळल्यावर म्हणाल्या की मोठ्यांनी चमचाभर खायला हरकत नाही, पण साखरेचा आजार असेल तर मध ही साखरच धरायची, आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

मशीन लावावं लागलं नाही. पण ते लागणार नाही हे कळायला फार दिवस गेले. रिपोर्टही मॅडमांची शंका खरी ठरवूनच आला. आधी सईचे डोळे थोडे उघडले. मग बोट धरलं. शी मात्र सगळ्यात शेवटी नीट झाली.

एका सकाळी सिस्टर आत सुईची पट्टी काढत होत्या. अचानक दारातून आवाज आला. फाटका, घोगरा, पण आवाज. ज्योती धावली. अक्का बाकावरच बसून राहिल्या, माझं मनगट घट्ट धरून. म्हणाल्या, "रडू दे. कोणी गप करू नका तिला."

त्या मॅडमांचे, सिस्टरांचे आणि फैजपूरच्या डॉक्टरांचे उपकार मी कसे फेडणार. बाटली अजून फडताळात आहे, पण आता वरच्या फळीवर. मोठ्या पोराला खोकला झाला की चमचाभर मिळतो. अक्का कोमट पाणीही आता नुसतंच घेतात आणि तोंड वाकडं करतात. गावात कुठे बाळ झालं की बारशाआधीच जाऊन त्या मधाचं सांगून येतात.

सईनं आता मान धरली आहे. न्हाताना ती गल्ली डोक्यावर घेते. अक्का बाहेरून ओरडून विचारतात, पाणी कढत तर नही ना? मी आतून तेवढ्याच मोठ्यानं सांगते, "नही शे."

आता कोणी हसत नाही.