वायपरच्या टाळ्या

गुरुनाथ मुळात अबोल. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या तपासायच्या, घरी यायचं, जेवायचं. पण हातात माइक आला की हा माणूस पार बदलायचा.

ते वेड अमेरिकेतलं. तिथल्या ज्या लहानशा गावात त्याने उमेदीची वर्षं काढली, तिथलं बेसबॉलचं स्टेडियम म्हणजे गावाचं अंगणच. सामने तिथे, शाळेचा बँड तिथे, जत्राही तिथेच. पोरांच्या सामन्यात प्रत्येकाचं नाव कर्ण्यावरून पुकारायचं काम गुरुनाथकडे होतं. ज्याची बॅट चेंडूला कधी लागली नाही, त्याचंही नाव तो असं घ्यायचा, की आई ताठ बसावी.

गॉलवेला आल्यावर त्याने पोरांच्या बेसबॉलसाठी वस्तीच्या क्रीडासंकुलात एक कोपरा मागितला. हर्लिंग हा तिथला काठी-चेंडूचा खेळ, फुटबॉल, धावपट्टी यांतून उरलेला. कमिटीच्या नूलाबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "उन्हाळाभर बघू. तक्रार आली, की बंद."

दोन हजार वीसचा तो कोरोनाचा उन्हाळा. सामने कसेबसे सुरू झाले आणि ऑगस्टात प्रेक्षकांना बंदी आली. आईबाप कुंपणाबाहेर गाड्यांत बसू लागले. गुरुनाथ नाव पुकारी, गाड्या हॉर्न वाजवत. बहार होती! पण शेजारच्या वृद्धाश्रमातल्या मंडळींची दुपारची झोप मोडली आणि तक्रार आलीच.

"एक रविवार देते, गुरू," नूलाबाई म्हणाल्या. "माइक नाही, हॉर्न नाही. मी स्वतः येऊन बसणार आहे."

नेमकी त्याच रविवारी त्याची लेक कौमुदी पहिल्यांदा बॅट धरणार होती.

"मैदानावर तू गप्प बसणार?" त्याची बायको सुमेधा हसली. "बायकोशी बोलायचं सगळं तिथेच तर बोलून टाकतोस!"

"चेष्टा नको गं. नाव नाही, टाळी नाही. पोरांनी खेळायचं कुणासाठी?"

"नाव पुठ्ठ्यावर लिही. आणि टाळ्यांना गाड्यांचे वायपर आहेत की."

तिने लगेच पालकांच्या ग्रुपवर कळवून टाकलं.

रविवारी, गॉलवेत कधी नव्हे ते, लख्ख ऊन. गुरुनाथ मैदानाच्या कडेला उभा. एकेक पोर पुढे येई, तो नावाचा पुठ्ठा दोन्ही हातांनी उंच धरी आणि कोरड्या काचांवर वायपर डुलू लागत. आवाज म्हणाल तर नुसती कुरकुर.

कौमुदीचा पुठ्ठा त्याने जरा जास्तच वेळ धरला. ओठ हलले, शब्द त्याने गिळला. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसराही, म्हणजे बाद. पोर मान खाली घालून परतली. पण वायपर थांबेनात. रांगेच्या टोकाला नूलाबाईंची जुनी गाडी होती, तिचेही चालूच.

"बाबा, आय वॉज आउट," कौमुदी पुटपुटली. "मग हे कशाला?"

"नाव घेतलं की टाळी द्यायची. चेंडू लागो न लागो."

सामना संपल्यावर नूलाबाईंनी काच खाली केली. गुरुनाथ पुठ्ठे छातीशी धरून समोर उभा राहिला, निकाल ऐकायला.

"पुढच्या वर्षीही कोपरा तुमचाच," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वायपरची रबरं गेली बघ. ती तू बदलून द्यायचीस."