लिंबोणीच्या मुळाशी

मिठाची पुडी घेऊन सीमा ओलांडणारी बाई मी पाहिली आहे. निकोसियात मी ज्यांची देखभाल करत होते, त्या ग्रीक एलेनीबाई. सायप्रसचे दोन तुकडे झाले तेव्हा त्यांचं घर उत्तरेला, तुर्की बाजूला राहिलं. पुढे कित्येक वर्षांनी वाट खुली झाली.

"स्वतःच्या घरी जायला पासपोर्ट!" चौकीवरच्या शिपायासमोरच त्या म्हणाल्या.

आम्ही त्या घरी पोचलो. अंगणात त्यांच्या वडिलांनी लावलेली लिंबोणी होती, फळांनी वाकलेली. बाई खाली बसल्या आणि झाड जळून जावं म्हणून तिच्या मुळाशी मीठ ओतू लागल्या. इतक्यात घरात राहणारी तुर्की म्हातारी दारात आली.

"ओता," ती चक्क ग्रीकमध्ये म्हणाली. "माझं घर दक्षिणेत राहिलं. तिथं आता तुमची माणसं राहतात. त्यांच्या विहिरीत मी रॉकेल ओतून आले."

बाईंचा हात थांबला. "बरं वाटलं?"

"वाटलं. अजून वाटतं."

इतकी वर्षं दोन सरकारांचं एका शब्दावर जमलं नव्हतं. या दोघींचं मात्र दोन वाक्यांत जमलं. बाईंनी मान डोलावली आणि उरलेली पुडी मुळाशी रिकामी केली.