न तुटलेलं कुलूप

कॅम्प चारमधली ती गल्ली आठवली, की आजही मन जड होतं. मी तेव्हा उल्हासनगरला पोलीस निरीक्षक होतो. फर्निचरच्या कारखान्यांच्या त्या गल्लीत एका दुपारी सळया आणि फळ्या घेऊन दोन गट भिडले. पॉलिशचं काम करणारा एक कारागीर त्यात जागीच गेला. तो कोणाच्याच बाजूचा नव्हता. सोडवायला मध्ये पडला होता.

एक गट तिथल्या गुंडाचा, दुसरा एका सुताराचा; भांडण सुताराच्या कारखान्यावरून. गुंड फरार होता; त्याची माणसं सांगत होती, "सुतारानंच आम्हाला कारखाना वापरायला दिला आणि मग उलटला." सुतार म्हणत होता, गुंड जबरदस्तीनं घुसला. पंचनाम्यात मात्र कारखान्याचं कुलूप शाबूत निघालं. गल्लीतला एकही माणूस जबाब द्यायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं आमच्या बीट हवालदाराला हळूच सांगितलं, "सुतार आनंदनगरला माल पोचवायला गेला होता. तेवढ्यात गुंडाची माणसं कारखान्यात शिरली. चावी होती त्यांच्याकडे."

मी सुताराला पुन्हा समोर बसवलं.

"दुसरी चावी कोणाकडे असते?"

तो म्हणाला, "शेटजींकडे. आग-बीग लागली तर उघडायला."

शेटजी म्हणजे गल्लीतले सर्वांत जुने सिंधी व्यापारी. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. मी चावीचं विचारताच त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब, आधी त्या गुंडानं कोपऱ्यावरचा ओटा मागितला. मी लोकांना म्हटलं, जाने दो, धंदा करायचाय आपल्याला. मग सुताराच्या कारखान्यामागचा बोळ मागितला. तेव्हा सुतारानं तक्रार दिली होती. मीच त्याला मागे घ्यायला लावली. शेवटी कारखाना मागितला. वाटलं, एवढं दिलं की शांत बसेल."

"सुताराला विचारलंत?"

"तो नाही म्हणाला असता."

त्या दुपारी सुतार परत आला, तर त्याची हत्यारं रस्त्यावर फेकलेली. बोळ गेला तेव्हापासूनच त्याच्या भावांनी सळया जमवून ठेवल्या होत्या. शेटजींना ते माहीत नव्हतं.

शेटजींनी जबाबावर सही केली, तशी गल्लीतली माणसंही एकेक करून ठाण्यात येऊ लागली. कारागिराच्या डोक्यात घाव गुंडानंच घातल्याचं तिघांनी सांगितलं. बदलापूरला नातेवाइकाकडे लपलेल्या गुंडाला आम्ही अटक केली. पुढे त्याला जन्मठेप झाली. सुतार आणि त्याचे भाऊही मारामारीच्या गुन्ह्यात आत गेले.

नोकरीत मी शेटजींसारखी बरीच भली माणसं पाहिली. भांडण नको म्हणून ती देत जातात आणि घेणाऱ्याची भूक वाढत जाते. शेटजींनी जे जे दिलं, त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं. ज्यांचं गेलं, ते आतल्या आत लढाईची तयारी करत होते.

कारागिराची बायको जबाब द्यायला आली तेव्हा तिनं मला एकच विचारलं, "साहेब, आमच्या ह्यांचं कोणाशी भांडण होतं?"

मी म्हणालो, "कोणाशीच नाही, ताई."

तिनं मान हलवली आणि अंगठा पुढे केला.